शेठच्या मोटारीचा मूळ हॉर्न

तुम्ही हसाल, पण माझ्या कामाला पसंती दिली ती एका म्हातारीच्या पदराने. ब्याण्णव-त्र्याण्णव साल असेल. कतारगामात एका शेठकडे त्याच्या आजोबांची विलायती मोटार होती. तिचे मूळचे दोन्ही हॉर्न गंजून मुके झालेले. शेठ म्हणाला, "काका, आवाज दादाजींच्या वेळचा निघाला तर ठीक, नाहीतर नवे बसवतो."

आठ दिवस मी हॉर्नमधले पत्र्याचे पडदे घासले, कॉइल नव्याने गुंडाळल्या, स्क्रू पाव-पाव आटा फिरवत बसलो. दर वेळी शेठचं एकच, "ना काका, असा नव्हता."

शेवटी तो कंटाळला. "काढून टाका ते."

"एकदाच वाजवतो शेठ," म्हटलं, स्क्रू आणखी पाव आटा फिरवला आणि बटण दाबलं.

ओसरीवर शेठची आई झोपाळ्यावर बसली होती. हॉर्न ऐकला मात्र, म्हातारी ताडकन उतरली, पदर नाकापर्यंत ओढला आणि घरात पळाली! सासऱ्यासमोर सुनेने बसायचं नाही, अशी त्यांच्याकडची जुनी रीत.

आतून ती ओरडली, "मेल्यांनो, सासरे जाऊन तीस वर्षं झाली, अन् आज पुन्हा उठवलंत मला!"

शेठने माझा हातच धरला. "काका, आता त्या स्क्रूला शिवाल तर बघा!"