साऱ्या इंग्लंडात एकच घर

"स्केलबरो," परिचारिकेने दारातून हाक मारली आणि दवाखान्यातल्या बाकावरून दोघं उठली. एक सत्तरी ओलांडलेली बाई, दुसरा चाळिशीचा माणूस. त्यांच्या मधे बसलेल्या नोरा नावाच्या दुसऱ्या एका रुग्णाने वाट देण्यासाठी विणकाम मांडीवर ओढून घेतलं.

"मला बोलावलंय, बाळा," बाई त्या माणसाला म्हणाल्या. "या नावाचं साऱ्या इंग्लंडात एकच घर आहे, आमचं."

"मीही स्केलबरोच, मावशी. गेल्या आठवड्यात हल बंदराहून इकडे राहायला आलो."

"कसं शक्य आहे? डोंगरात त्या नावाचं शेत होतं, ते धरणात गेलं. तिथून उठलेले आम्हीच काय ते. आमच्या ह्यांनी देशातली टेलिफोनची पुस्तकं चाळली होती."

"माझे बाबा अगदी हेच सांगायचे. शेत, धरण, सगळं."

"मग तुमचं नाव पुस्तकात का नव्हतं?"

"फोन आईच्या माहेरच्या नावावर होता. बाबांचाच हट्ट."

"काय करायचे ते?"

"लोकरीचा ट्रक चालवायचे. विल्फ्रेड त्यांचं नाव."

नोराच्या सुया थांबल्या.

"आमचे हेही विल्फ्रेड," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "ट्रकच होता. मंगळवारी सकाळी निघायचे ते गुरुवारी परत. तीस वर्षं, दर आठवड्याला."

"आमच्याकडे मंगळवारी संध्याकाळी यायचे," तो म्हणाला. "गुरुवारी पहाटे निघायचे."

परिचारिकेने पुन्हा हाक मारली.

"तूच जा आधी," बाई बाकावर बसत म्हणाल्या. "मला जरा वेळ लागेल."