व्याह्यांची गाडी

बाबांना जिन्यात धाप लागली, तेव्हा मी "वय झालं" म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते गेले. फुप्फुसात गुठळी होती.

परवा आईला घेऊन सीटी स्कॅनच्या रांगेत बसले होते. पुढे लोणी काळभोरचे आजोबा-आजी होते. नर्स आजोबांना समजावत होती.

"गुठळी दिसावी म्हणून शिरेतून औषध सोडतात. लघवी झाल्यासारखं वाटेल. नुसता भास असतो."

"अन् झालीच तर? व्याह्यांच्या नव्या गाडीतनं आलोय."

"आवं, सीट पुसू की," आजी म्हणाल्या.

"पोरीला सासरी जल्मभर ऐकावं लागंल. उद्या येतो, यष्टीनं."

"गुठळी थांबणारे का उद्यापर्यंत? विचारलंत तिला?" नर्स म्हणाली.

आजोबा उठलेच. मी त्यांचा हात धरला आणि नकळत बोलून गेले.

"बाबा, उद्या नको. तुमच्याशिवाय मला करमायचं नाही."