मशीनची खोट

सूर्यभान : तू जरा असा पुढं ये बरं. मघापासून बघतोय, त्या एकाच अंगाला चिकटून उभा हायेस.

अजिनाथ : काका, दुकानात जागाच तेवढी हाय. इकडं मशीन, तिकडं पिशव्यांचे गठ्ठे. जाऊ कुठं मी?

सूर्यभान : काणा बैल विकणारा हेडी बी बाजारात असंच करतो. ज्या डोळ्यानं बैलाला दिसत नाय, बरोबर त्याच अंगाला उभा राहतो. गिऱ्हाईक फिरलं की हा बी फिरतो.

योगिनी : मामा! अहो, बैल नाही हा, छपाईचं मशीन आहे. दादा, मनावर घेऊ नका. सासरे आहेत माझे. उभा जन्म मेंढरामागं गेलाय त्यांचा, म्हणून असं बोलतात.

अजिनाथ : बघू द्या ना ताई. बुजुर्ग माणूस हाय. जुना माल बघूनच घ्यावा. काका, हे चार रंगांचं हाय. पूर्ण हातावरचं. हे चार हात दिसतात ना, एकेकावर एकेक फ्रेम बसते. खाली कपडा घालायचा, फ्रेम खाली घ्यायची, स्क्वीजीनं शाई ओढायची. झाली छपाई. उस में क्या है!

सूर्यभान : स्क्वीजी कंचं?

योगिनी : ही बघा. लाकडी मूठ अन् खाली रबर. हिनं शाई जाळीतून खाली उतरते.

सूर्यभान : अन् हे हात असे हलतात कशानं?

अजिनाथ : फिरवायसाठीच असतात ते.

सूर्यभान : फिरणं येगळं अन् डुगडुगणं येगळं.

अजिनाथ : डुगडुगतंय? लावा हात, लावा. काका, याचं रजिस्ट्रेशन एकदम पक्कं हाय. भरोसा ठेवा.

सूर्यभान : कुणाच्या नावावर हाय?

अजिनाथ : आँ?

सूर्यभान : आँ काय? रजिस्ट्रेशन तुझ्या नावावर हाय का दुसऱ्याच्या? कागद दाखव आधी. आमच्या बिभीषणनं फटफटी घेतली, तर विकणारा एक अन् नाव भलत्याचंच. हेलपाटे मारून मारून चपला झिजल्या माझ्या.

योगिनी : मामा, ते रजिस्ट्रेशन नाही हो! आणि माझ्या नवऱ्याची फटफटी कशाला काढता इथं? एक रंग छापला की त्यावर दुसरा रंग अगदी जागच्या जागी बसला पाहिजे. त्याला हे लोक रजिस्ट्रेशन म्हणतात.

सूर्यभान : एवढ्याशा गोष्टीला कचेरीतलं नाव कशाला? बरं. मग दोन रंग बसवून दाखव. मघाशी एकच काढला तू. तो बी डाव्या हातानं, लेकराला पावडर लावल्यावानी.

अजिनाथ : एक काय अन् दोन काय, बात एकच हाय.

सूर्यभान : एकच हाय तर दाखव की.

अजिनाथ : दुसरी फ्रेम लावावी लागंल, शाई घालावी लागंल. तुमचाच टाइम जाईल फुकट.

सूर्यभान : आम्हाला कुठं घाई हाय? अजिंठ्याकडून पहिल्या गाडीनं आलोय ते याच्यासाठीच. पोरी, बघितलं का, कसा टाळतोय?

योगिनी : दादा, मीच छापते. मला येतं. पिशवी द्या एक.

अजिनाथ : घ्या. ही लग्नाची ऑर्डर हाय. पिवळा कलश आधी, मग त्याच्यावर लाल अक्षरं अन् लाल किनार. पिवळा झाला की वरून हीटगनची गरम हवा फिरवून सुकवा, नाय तर शाई पसरंल.

योगिनी : माहितीये. मामा, जरा मागं सरका, धोतराला शाई लागंल.

सूर्यभान : लागू दे. मला डोळ्यांनी बघायचंय. हां, पिवळा बसला. आता लाल घे. थांब, त्याला हात लावू देऊ नको मशीनला! तू हो रे बाजूला.

अजिनाथ : मी कुठं लावतोय काका? हे बघा, हात मागं बांधले.

योगिनी : झालं. बघा आता. तनुजा आणि विश्वजीत. किनार कशी बसलीय बघा कलशावर, केसाचाही फरक नाही.

सूर्यभान : आण इकडं. उजेडात बघू दे. आधीच छापलेली तर नव्हती ना ही?

योगिनी : मामा, मी तुमच्यासमोर छापली! माझ्यावर पण संशय आता?

सूर्यभान : तुझ्यावर नाय गं. पण आता तर मला जास्तीच येतोय. मशीन एवढं गुणाचं हाय, तर हा विकतोय काऊन?

अजिनाथ : सांगितलं ना काका तुम्हाला.

सूर्यभान : काय सांगितलं? पुन्यांदा सांग. हिच्यासमोर सांग.

अजिनाथ : गावाकडं चाललोय. शेती बघायला माणूस नाय घरी.

योगिनी : दादा, मला तर फोनवर म्हणालात की ऑटोमॅटिक मशीन घेताय म्हणून.

अजिनाथ : ते बी हाय. म्हणजे तसा विचार होता.

सूर्यभान : शेतात बसवणार का ऑटोमॅटिक?

योगिनी : आणि बाहेर चहावाला म्हणाला, अजिनाथभाई शेंद्र्याला कंपनीच्या गेटवर लागणार आहेत. मी म्हटलं, दुसरा कुणीतरी असेल. दादा, खरं काय आहे? मी पण शेंद्र्यालाच राहते. पॅकिंगच्या लाइनीला उद्यापासून येणार नाही, असं सांगून आलेय. गाळा ठरवलाय क्रांती चौकाच्या मागं. मशीन बाद निघालं तर माझं दुकान उघडायच्या आधीच बसलं.

सूर्यभान : अन् ऐक, याच्यासाठी मी कळप विकलाय माझा. सगळा. दुसऱ्यांदा विकायला माझ्याकडं काय नाय. खरं बोल. चोरीचं हाय का?

अजिनाथ : तौबा! काका, काय बोलता? चौदा वर्षं इथं इज्जतीनं धंदा केला मी. बिल हाय त्याचं माझ्याकडं, माझ्या नावाचं.

सूर्यभान : कुठंय?

अजिनाथ : हे काय, वरच्या फळीवर. निळ्या डब्यात.

सूर्यभान : काढ मग.

अजिनाथ : ताई, तुम्ही काढता का जरा? स्टूल हाय तिथं.

सूर्यभान : ती काऊन काढंल? दुकान तुझं, फळी तुझी, डबा तुझा. अन् तू तिच्यापेक्षा हातभर उंच. काढ.

(अजिनाथचा उजवा हात छातीपर्यंत वर येतो आणि तिथंच थांबतो.)

योगिनी : दादा, काय झालं?

अजिनाथ : काय नाय. जातो वर. थोडा टाइम लागतो.

योगिनी : अहो, तोंड पांढरं पडलं तुमचं! राहू द्या, राहू द्या तो डबा. बसा आधी खाली.

सूर्यभान : तरीच. तरीच डाव्या हातानं ओढत व्हता. अन् मी म्हणतोय, मशीनची खोट झाकतोय हा.

अजिनाथ : खांदा जाम झालाय काका. दीड वर्ष झालं. शर्ट घालायला बी बायको लागते. डॉक्टर म्हणतो, आता हे काम बंद. बस. कळलं ना आता? जा तुम्ही बी.

योगिनी : मग सरळ सांगायचं ना! तीन तीन गोष्टी कशाला रचल्या?

अजिनाथ : सरळच सांगितलं होतं ताई, पहिल्या दोघांना. त्यांनी मशीनकडं बघितलंच नाय. माझा खांदाच बघत बसले. एक जण जाता जाता म्हणाला, मनहूस मशीन हाय, मालकाचा हात खाल्ला यानं. माझ्या तोंडावर म्हणाला. मग मी ठरवलं, झूट तर झूट. मशीनची काय गलती? मला लाज वाटते हो. चाळिशीतला माणूस मी, माठातलं पाणी दुसऱ्याला मागून पितो.

सूर्यभान : तो काय खोटं बोलला? चल गं योगिनी. उठ.

योगिनी : का?

सूर्यभान : का काय? याचा हात गेला तो समोर दिसतोय. उद्या तुझा जाईल. तुझ्या सासूला, कस्तुराला, काय तोंड दाखवू मी? तिनं बजावून धाडलंय, पोरीला नीट बघून घेऊन द्या.

योगिनी : थांबा. दादा, तुम्ही स्क्वीजी ओढायचात का ढकलायचात?

अजिनाथ : ओढायचो. पहिल्यापासून तशीच सवय. अन् माणूस कधी ठेवला नाय. सीझनला एकट्यानं दिवसभर ओढायचं, दुखलं की गोळी खायची, पुन्हा ओढायचं.

योगिनी : मामा, ऐकलंत? मला छपाईच्या क्लासात बाईंनी ढकलायला शिकवलंय, त्यानं खांद्यावर ताण कमी येतो. आत्ता तुमच्यासमोर ढकलूनच छापलं मी. आणि मशीनची उंची पण माझ्या मापाला कमी करून घेईन, खालचे पाय कापता येतात.

सूर्यभान : तू काय बी म्हण. नाय घ्यायचं.

योगिनी : दुसरं बघू मग?

सूर्यभान : दुसऱ्यात बी काय तरी असंलच.

योगिनी : असंलच? मामा, आधी हा बाजूला उभा राहतो म्हणालात. मग कागद. मग दोन रंग. दोन रंग नीट बसले तर पिशवीच खोटी. आता खांदा. खोट मशीनमधी निघंना म्हणून माणसात काढली. उद्या माझ्यात काढाल. खरं सांगा, तुम्हाला हे दुकानच नकोय ना?

सूर्यभान : असं काय नाय.

योगिनी : असंच आहे. तुम्ही पारखायला नाही आलात. मोडायला आलात.

अजिनाथ : ताई, जाऊ द्या. घरातलं भांडण माझ्यापायी नको.

योगिनी : नाही दादा. मला ऐकायचंय. मामा, कळप मी विकायला लावला होता का? तुम्हीच म्हणालात, गुडघे चढण चढू देत नाहीत, चारणीला रान राहिलं नाही, तुझं तरी काहीतरी होऊ दे. मी तुमच्या पाया पडले तेव्हा. माझ्या बापानं सुद्धा माझ्यासाठी एवढं केलं नव्हतं.

सूर्यभान : मग म्हणलो ना. मी कुठं नाय म्हणतोय.

योगिनी : मग आता काय झालं?

सूर्यभान : तुझ्या सासूनं मेंढरांचं वाडगं झाडून ठेवलंय. रोज झाडती. मी बोललो नाय तिला, ती बी मला बोलली नाय. घेणारा व्यापारी ओळखीचा हाय. त्यानं अजून पुढं विकली नाय मेंढरं. मला वाटलं, मशीन वंगाळ निघालं तर... तर कुणाचं मन बी नाय दुखणार. पोरीला म्हणता येईल, बाई, मशीनच खोटं व्हतं. अन् सकाळी जाऊन माघारी आणता येतील.

योगिनी : मामा...

सूर्यभान : हे घेतलं की ती मेंढरं खरंच गेली गं.

अजिनाथ : काका, पाणी घ्या.

सूर्यभान : तू नको उचलू, बाबा. ठेव तिथं, मी घेतो. तुला आणखी तरास नको.

योगिनी : मामा, जाऊ आपण घरी. आत्ता गेलो तर अंधाराच्या आत पोचू. मी नाही रुसणार. लाइनीवर पुन्हा उभी राहीन, सांगून बघते त्यांना. खरंच. तुमचा जीव तिथं अडकून मी इथं रंग नाही छापू शकत.

सूर्यभान : अन् चारणार कोण? बिभीषण कंपनीत. माझं हे गुडघं. वाडग्यात बांधून ठेवू का त्यांना, बघत बसायला?

योगिनी : मला नाही माहीत.

सूर्यभान : मला हाय माहीत. लई दिवसापासून माहीत हाय. मेंढरं इकताना त्या व्यापाऱ्यानं इचारलं, का इकता? तर मी काय सांगितलं माहीत हाय का? पोरगं म्हणतंय शहरात चला म्हणून. गुडघ्याचं नावबी काढलं नाय. अन् इथं येऊन या गड्याला खोटारडा म्हणतोय. अजिनाथ, राग नको धरू बाबा.

अजिनाथ : नाय काका. राग कशाचा.

सूर्यभान : कंपनीच्या गेटवर खांद्याचं कळलंय का?

अजिनाथ : नाय अजून. गेटवर बसायचंच काम हाय, हात वर करायचा नसतो. फक्त सलाम नाय ठोकता येणार साहेबाला.

सूर्यभान : डाव्यानं ठोक. टेम्पो बोलाव पोरी.

योगिनी : मामा, नक्की?

सूर्यभान : बोलाव म्हणतोय ना. माझं मन फिरायच्या आत बोलाव. अन् पाय कापायचे ते माझ्यासमोर कापून घ्यायचे. तुझ्या मापाचं झाल्याबिगर मी गाडीत बसणार नाय.

योगिनी : बरं. दादा, बिलाचा डबा मी काढते वरून, अन् आपलं ठरल्याप्रमाणं सगळं सामान घालते मग. फ्रेमा इथं आहेत. शाईचे डबे हे. आणि स्क्वीजी... दादा, चार म्हणाला होतात. पिशवीत तीनच आहेत.

अजिनाथ : हां. चौथी झिजली ताई. मूठ पार बारीक झालीय. तुमच्या काय कामाची?

योगिनी : पण मघाशी मी तिनंच तर छापलं. चांगली होती की. कुठं गेली?

अजिनाथ : असंल कुठं तरी.

योगिनी : बघा मामा! पुन्हा तेच. खरं सांगा ना दादा, कुठंय?

अजिनाथ : माझ्या जेवणाच्या डब्याच्या पिशवीत ठेवलीय. पहिल्या दिवसापासूनची हाय. थांबा, देतो काढून.

सूर्यभान : नको काढू.

योगिनी : मामा, सकाळपासून तुम्हीच त्याच्या मागं लागला होतात, अन् आता?

सूर्यभान : ऱ्हाऊ दे गं त्याच्यापाशी. बैल इकला तरी दावं देत नसतो आपण.