आईचं गाणं आणि दादाची केबल

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे एक बहीण-भाऊ उभे होते. “यातून काहीच निघणार नाही,” म्हणून दुकानदाराने त्यांची हार्ड डिस्क परत केली.

“दादा, आईची सगळी गाणी या एकाच डबड्यात? दुसरी कॉपी नाही?”

“कॉपीसाठी एसएसडी डिस्क घेणारच होतो. आधी माइक कॉम्प्युटरला जोडणारा इंटरफेस ठरवायचा होता.”

“वर्षभर ठरवत होतास! यूएसबी केबल की थंडरबोल्ट, थंडरबोल्ट की यूएसबी. बायकोसुद्धा इतकी पारखून केली नाहीस.”

“यूएसबीवर आवाज उशिरा पोचतो, चिमे. तुला नाही कळायचं.”

“ऑपरेशनमध्ये आईचा आवाजच गेला. तो आता कुठल्या केबलने आणतोस, तेवढं मला कळू दे.”

“ओरडू नकोस. लोक बघताहेत.”

“बघू देत. माझ्या फोनवर थोडं आहे. तू रेकॉर्डिंग करायचास, तेव्हा मी कोपऱ्यात फोन चालू ठेवायचे.”

“फोनवर? नुसती खरखर असेल.”

“ऐक तरी.”

तिने फोनवरचं रेकॉर्डिंग लावलं. एका बाईने गोड आवाजात गाण्याची पहिली ओळ उचलली. ती संपायच्या आत भावाचा आवाज आला, “आई, थांब. केबल बदलतो.”

“पुढचं लाव, चिमे.”

“पुढेही तूच आहेस.”