कोरड्या आठवड्यात घाई कसली?

आजच्या या निरोप समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, दिघाशीचे प्रतिष्ठित पावरलूम मालक श्री. बाळाराम शेठ, व्यासपीठावर विराजमान, आपल्या केबल वाहिनीचे चालक श्री. दीपेश, उत्सवमूर्ती कुमारी विनिता, आणि शिफ्ट, ड्युटी, शेतावरची कामं बाजूला ठेवून आलेल्या माझ्या भिवंडीकर बंधू-भगिनींनो, सर्वांना या तुळशीरामाचा नमस्कार.

सुरुवातीलाच माझा गोंधळ उडालाय, तो सांगून टाकतो. अध्यक्षांना ‘शेठ’ म्हणावं, ‘साहेब’ म्हणावं की ‘दादा’, हेच मला कळत नाही. अर्ध्या सभागृहाला ठाऊक आहे, उरलेल्या अर्ध्यासाठी सांगतो. हे अध्यक्ष म्हणजे माझे सख्खे थोरले भाऊ. विनिता ही त्यांची लेक, माझी पुतणी. आमची घरं भिंतीला भिंत लावून. आणि तीन वर्षं झाली, आम्ही दोघे भाऊ एकमेकांशी अक्षर बोललेलो नाही. हे माहीत असून मला माइक दिला की माहीत नसून, हेही मला उमजत नाहीय. दीपेश, हसतोस काय? तुला चांगलं माहीत होतं!

मला असं सांगण्यात आलं, की विनिताच्या हवामानाच्या कार्यक्रमात सगळ्यात जास्त फोन दिघाशीच्या एका प्रेक्षकाचे आले, म्हणून त्याने चार शब्द बोलावेत. तो प्रेक्षक मी. काय करणार? शेतकऱ्याला हवामान तर लागतं, आणि भिंतीपलीकडे हाक मारायची सोय राहिली नव्हती. मग मी फोन लावायचो. ही टीव्हीत बसून मोठ्या अदबीनं विचारायची, “नमस्कार, आपण कुठून बोलताय?” मी म्हणायचो, “दिघाशीहून.” “दिघाशीला थंडी कशी आहे?” अगं बये, सकाळी माझ्याच दारावरून एसटी पकडायला गेलीस की! पण मी आपला सांगायचो, “बरी आहे.” मग ती हसू दाबून म्हणायची, “काळजी घ्या, काका.” बाकीच्यांना वाटायचं, वयाच्या मानानं काका म्हणते.

आता भांडण कशावरून? विचारूच नका. पण विचारलंत तर सांगतो.

असाच आठवडा होता. तुळशीची लग्नं उरकलेली, पहाटे गारठा, दिवसभर आभाळ स्वच्छ, हवा कोरडी ठणठणीत. ही एकच हवा, पण आमच्या दोन घरांत तिच्या दोन तऱ्हा. मला ती सोन्यासारखी, कारण भात झोडायचं, उपणायचं. दादांना ती वैरीण, कारण कोरड्या हवेत लूमवरचा धागा तटातट तुटतो, आणि कामगार दिवसभर शेडमध्ये पाणी शिंपडत बसतात. घरांपुढे, माझा गोठा आणि दादांची शेड यांच्या मधे, दोघांचं एकच खळं. विनितानं सांगितलेलं, उत्तर कोकणात वारे उत्तरेकडून, हलके. त्या भरवशावर मी सूप घेऊन उभा राहिलो आणि मेला वारा फिरला! सगळं तूस, सगळी फोलपटं दादांच्या शेडमध्ये, ताणलेल्या सुतावर. दादा बाहेर आले ते लालबुंद. म्हणाले, “मुद्दाम केलंस.” मी म्हणालो, “वारा काय माझ्या बापाचा आहे?” आपला बाप एकच, हे रागात कुणाला आठवतंय! ते म्हणाले, माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस. मी म्हणालो, तू माझ्या. झालं.

चूक कुणाची, मला आजपर्यंत कळलेलं नाही. वाऱ्याची म्हणावं, तर त्याला बोलावून विचारता येत नाही. अंदाज होता अख्ख्या कोकणाचा, आणि आमचं खळं पडलं दोन भिंतींच्या मधे. तिथे वारा कसा वळेल हे कुठल्या वेधशाळेला सांगता येणार? पण पोरीनं मनाला लावून घेतलं. आपण वारा सांगितला आणि बाप-काका तुटले, असं तिनं पार्वतीला, म्हणजे आमच्या मंडळींना, रडत रडत सांगितलं.

आता ती लग्न होऊन अलिबागेला निघालीय. येत्या रविवारी मांडव, पुढच्या आठवड्यात हळद. आमच्या घराण्याची रीत अशी, की लेकीचा मांडव त्या खळ्यातच पडायचा, आणि मांडवाची मेढ, म्हणजे पहिला खांब, धाकट्या काकानं रोवायची. पण रीत अशीही आहे, की थोरल्यानं अक्षता घेऊन दारात यायचं, आवतण द्यायचं. त्याशिवाय भावकीनं पाय उचलायचा नाही. दादा काही आले नाहीत. उलट ऐकतो, की हळदीसाठी हेच सभागृह बघून ठेवलंय. सभागृह झकास आहे, पंखे नवे आहेत, वाद नाही. पण या फरशीत मेढ कुठे रोवायची, एवढं कुणीतरी मला सांगा.

आणि त्यात कालची गंमत. काल तिचा शेवटचा कार्यक्रम. नेहमीसारखं वाचलं तिनं: येत्या आठवड्यात उत्तर कोकणात हवामान कोरडे राहील, आकाश निरभ्र, किमान तापमानात घट. इथवर ठीक. मग हातातला कागद खाली ठेवला आणि म्हणाली, “शेतकऱ्यांनी झोडणी, उपणणी ताबडतोब उरकावी. रविवारपर्यंत खळी मोकळी करावीत.”

आता मला सांगा, कोरड्या आठवड्यात घाई कसली? पाऊस येणार असेल तर माणूस धावपळ करील. आभाळ निरभ्र आणि खळी मोकळी करा? अख्खा तालुका बुचकळ्यात पडला! वज्रेश्वरीहून मला फोन, अकलोलीहून फोन. दादांच्या शेडमधला कामगार भिंतीवरून डोकावून विचारतो, “चाचा, बारिश है क्या?” आमचा सावळाराम, तो बघा तिसऱ्या रांगेत, त्यानं तर भाताच्या ढिगावर ताडपत्री घातली. पार्वती म्हणाली, “आवं, पोर तुमाला सांगते हाय.” मी म्हणालो, “अगं, ती सगळ्या कोकणाला सांगते.” तर म्हणते, “कोकणाला रविवार कशाला पायजे?”

यावर मी उठलो आणि खळ्यात जाऊन भाताचा ढीग बघून आलो.

विनिता, बाळ, आज सगळ्यांच्या देखत विचारतो. ते कोकणाला होतं, की या एका काकाला? पोरी, तुझा मांडव तुझ्या अंगणात पडावा असं मला वाटतं गं. फार वाटतं. पण न बोलावता येऊ कसा? अरे, ही तर पदरात तोंड लपवून रडायला लागली. म्हणजे हो समजू की नाही?

अध्यक्षांनी घंटा वाजवली. वेळ संपली का माझी? दोनच मिनिटं, अध्यक्ष महोदय, आभार मानतो आणि... काय? काय म्हणालात?

मंडळी, अध्यक्षांपुढे माइक नाही, मागच्यांना ऐकू गेलं नसेल. मीच सांगतो. अध्यक्षांनी विचारलंय, “तुळशा, खळं कधी मोकळं होनार हाय?”

थांबा, मला जरा पाणी द्या.

दादा, शनिवारी. शनिवारी संध्याकाळपर्यंत सारवूनसुद्धा देतो. पण मग हे आवतण समजायचं का? आणि या सभागृहाचं काय? तुम्ही मान डोलावताय की डास हाकलताय, मला इथून नीट दिसत नाहीय. माझा चष्मा ओला झालाय. काय? “अक्षता पार्वतीकडं देतो, तुझा काय भरवसा”? द्या, द्या, तिच्याकडेच द्या!

तर मंडळी, लिहून आणलेलं सगळं विसरलो. विनिताला पोटभर आशीर्वाद. दीपेशचे, आयोजकांचे, तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात माझं तूस कुणाच्या अंगावर उडालं असेल, तर मोठ्या मनानं झटकून टाका.

आणि सावळाराम, ती ताडपत्री काढ बाबा. पाऊसबिऊस काही येत नाही. उद्या उजाडताच माझ्या खळ्यावर ये, झोडायला माणसं कमी आहेत.