नऊशेची फटफटी

सासूच्या पायाला साप चावला तेव्हा आमचे बैल पुरणपोळी खाऊन राहिले होते. पोळ्याचा दिवस, भर दुपार. ती बैलांसाठी संत्र्याच्या बगिच्यातून हिरवं गवत आणायला गेली आणि बांधावरच मटकन बसली. मी धावत गेली तं घोट्यावर दोन टोचे, पाय सुजून राहिला, आणि ती म्हणे, बोंबलू नको वो, आधी बैलांना पाणी दाखव.

दवाखाना सौंसरला, आमच्या गावाहून चार कोस. शेजारी म्हणाले, बंडी जुंपा. तं तीच ओरडली, आज बैलाच्या मानेवर जू ठेवलं तं मी बंडीतून उडी टाकीन. तुम्ही शहरातले, काय सांगू तुम्हाला, बैल वर्षभर राबतो, त्या एका दिवशी त्याला जुंपत नाहीत, घरचं माणूस मेलं तरी नाही. मंग राहिली फटफटी. आणि फटफटीवर बसणार नाही अशी तिची शपथ होती.

माझं माहेर लोधीखेड्याचं, बापाची कापसाची शेती, मी चौथी पास. लग्न होऊन आली तं सासरा आधीच गेलेला, घरात सासू, नवरा, दोन जोड्या बैल आणि संत्र्याची तीनशे झाडं. नवऱ्याचं नाव नारायण, आता तो नाही तं नाव घ्यायला काय जाते. त्याला फटफटीचं वेड. दलाल सांगतो तो भाव खरा का खोटा, नागपूरला जाऊन आपणच पाहू, असं सांगे. ते खरंच होतं, पण तेवढ्यासाठी एवढी मोठी गाडी लागत नाही, त्याला दूर दूर हिंडायचं होतं, रामटेक, पचमढी. एका बहाराचे पैसे आले, त्यात त्यानं एक बैलजोडी विकली आणि नागपूरहून फटफट करत घरी आला. मायला म्हणे, जुनी आहे, कोण्या साहेबाची, नऊशेला पडली. वाटेत त्यानं नव्याकोऱ्या गाडीला आपल्या हातानं चिखल फासला होता. मी कोट धुवायला घेतला तं खिशात पावती. इंग्रजी मला येत नाही, आकडे येतात. सत्तावीसशे. माझ्या सोन्याच्या पाटल्या जपून ठेवतो म्हणून मागून नेल्या होत्या, त्याही त्यातच गेल्या. सासूला मी हे कळू दिलं नाही. सासू म्हणायची, या लोखंडाच्या रेड्यानं माझे दोन बैल खाल्ले, मी मेली तरी याच्यावर बसणार नाही.

त्या दिवशी बसवली. पुढे हे, मधात ती, मागे मी, आणि पोळ्यासाठी आणलेल्या बैलाच्या नव्या कासऱ्यानं तिला यांच्या पाठीला बांधली. गावातला म्हातारा सांगे, झोपू देऊ नका, झोपली का गेली. रस्ता सगळा गाऱ्याचा, नुसता चिखल. अर्धा कोस गेलो आणि तिची मान कलंडली. मी देवाची नावं घेतली, गालावर चापट्या मारल्या, चिमटे काढले. काही नाही. शेवटी कानात म्हटलं, आत्याबाई, फटफटी नऊशेची नाही.

डोळा उघडला. मंग कितीची?

हे पुढून ओरडले, चूप बस वो! मी कायची चूप बसते. मला कळलं का आकडा पुरा सांगितला तं पुढच्या रस्त्यासाठी काही उरणार नाही. म्हटलं, बाराशे. तिनं शिवी दिली, पोराच्या पाठीत बुक्की मारली, बरीच वाट जागी राहिली. मान पडली का मी तीनशे वाढवायची. पंधराशे. अठराशे. बोरगाव आलं तं एकवीसशे. तिचा हिशेब चालू, जोडी चारशेची, म्हणजे पाच जोड्या आणि वरून शंभर, नाऱ्या, पाच जोड्या बुडाखाली घेऊन पळून राहिला का रे! नाल्याजवळ चोवीसशे झाले, आणि तिथं पाण्यात गाडी बंद पडली. हे किक मारून राहिले, मारून राहिले, आणि तिचा आवाज बारीक होत गेला. माझ्याजवळ आता एकच उरलं होतं. म्हटलं, सत्तावीसशे, आत्याबाई, आणि माझ्या पाटल्या त्यातच गेल्या.

ती अशी ताठ झाली का कासरा काचला. पाटल्या? सुनेच्या अंगावरच्या? तेवढ्यात गाडी चालू झाली, आणि सौंसर येईपर्यंत तिचं तोंड बंद झालं नाही. डॉक्टरनं विचारलं, बाई, काय चावलं? ती म्हणे, पोरगा.

इंजेक्शन दिलं, तीन दिवस ठेवून घेतलं. चौथ्या दिवशी आम्ही बंडी घेऊन गेलो तं म्हणे, बैलाला काऊन त्रास? सत्तावीसशे मोजले ना, मंग फटफटीच आण. फटफटीवर बसून घरी आली, आपल्या हातातल्या पाटल्या काढून माझ्या हातात कोंबल्या आणि म्हणे, घे, आणि पुन्हा याला जपायला देऊ नको.

त्याच साली दिवाळीच्या सुमारास राज्यांच्या हद्दी बदलल्या, नागपूर पलीकडच्या राज्यात गेलं, आम्ही इकडं राहिलो. लोक म्हणत, आता राजधानी भोपाळ, कोण जाईल तिथवर. आत्याबाई म्हणे, सत्तावीसशेची आहे, जाईल ना. भोपाळ तिनं पाहिलं नाही, पचमढी पाहिली, पोराच्या मागे बसून, आणि वाटेत जो भेटेल त्याला गाडीची किंमत सांगत. पुढच्या पोळ्याला तिनं फटफटी बैलांच्या रांगेत उभी केली, दिव्याला कुंकू लावलं, सीटवर पुरणपोळी ठेवली, आणि त्या दिवशी कोणाला किक मारू दिली नाही.

फटफटी अजून गोठ्यात उभी आहे, पोळ्याला आजही तिला सुट्टी. हे गेले त्याला बरेच दिवस झाले. पाटल्या माझ्या हातात आहेत, ह्या पाहा. आत्याबाई त्या सापानंतर बावीस वर्षं जगली.