काशीमाळला गाडी कशी थांबली

मंडळी, निरूपण संपलं, डोळे मिटायला लागले, म्हणजे आख्यानाची वेळ झाली! खांबाला टेकलेले अण्णा, घोरा खुशाल, पण तालात — पखवाजवाले गोंधळतात! तर सवाल एकच. नाव मोठं, की माणूस? माणूस म्हणता? देवळात बसून सगळेच शहाणे! ऐका मग.

सोनगव्हाण आणि कुसळवाडी, दोन गावं. मधोमध उजाड माळ. इंग्रजाचं राज्य होतं. त्या माळावर रेल्वेनं स्टेशन बांधलं — एक खोली, एक बाक, एक पाटी. पाटीवर लिहिलं 'सोनगव्हाण'. कुसळवाडीनं तिला डांबर फासलं! मग लिहिलं 'कुसळवाडी'. सोनगव्हाणच्या हैबतराव पाटलांनी ती पाटी उपटली, चुलीत घातली आणि तिच्यावर अंघोळीचं पाणी तापवलं! साहेब वैतागला. "नाव नाही, तर स्टेशन नाही!" खोलीला कुलूप, गाडी न थांबता जायला लागली.

आणि आमचे हैबतराव? गूळ वाटला हो, गूळ! "आपलं नाव लागलं नाही ना? मग त्या बाजीबाचंही नाही!" बाजीबा तांबडे म्हणजे कुसळवाडीचा कारभारी, पाटलांचा हाडवैरी. शेजाऱ्याची म्हैस आटली म्हणून आनंद — अहो, पण आपली तरी कुठं दूध देतेय?

पुढं पाटलांची लेक गिरजा पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघाली. सोबत धाकटा दीर. स्टेशन बंद पडलंय, हे सासरी कुणाला ठाऊक? ती निघाल्याचा निरोप पाटलांना मिळाला, तेव्हा गाडी जवळ आलेली. पाटील धावत माळावर! धूर दिसला. डोक्याचा पटका सोडून हलवायला लागले — "थांबव रे! माझी पोर आहे आत!" ड्रायव्हरला वाटलं, काय मायाळू गाव! त्यानंही हात हलवला, वर शिट्टी दिली!

हसा, हसा. पण खिडकीत गिरजा होती. "आबाऽ!" एवढंच ऐकू आलं, आणि गाडी गेली.

पुढचं स्टेशन चार कोसांवर. पाटलांनी बैलगाडी जुंपली. वाटभर शिव्या दिल्या, त्या स्वतःला. बैलांना काय देणार? ते बिचारे पाटीसाठी भांडत नाहीत! अर्ध्या वाटेत समोर बाभळीखाली एक गाडी उभी. बाजूला रडवेला दीर, आणि बैल धरून कोण? बाजीबा! बाजारातून परतताना त्याला त्या पुढच्या स्टेशनाबाहेर पोर कळा देताना दिसली. पाटलाची लेक म्हणून ओळखली, तरी गाडीत घेतली. ओळखली तरी — ध्यानात घ्या!

"पाटील, तिकडं तोंड करून उभे राहा. आत माझी बायको आहे. काशीनं लई बाळंतपणं केलीत."

दोन वैरी गाडीकडं पाठ करून उभे! बाजीबानं पाटलांचा हात धरला. आणि आतून ट्यँऽ! "मुलगी झाली!" काशीबाई ओरडली. पाटील ढसाढसा रडले. नात पटक्यात गुंडाळली.

"बाजीबा, स्टेशनाला तुझ्या गावाचं नाव लाव."

"छे छे! तुमच्याच गावाचं."

"तुझंच!"

"सांगितलं ना, तुमचंच!"

झालं! पुन्हा भांडण! तेवढ्यात आतून गिरजा कडाडली, "आबा, काशीमावशीचं लावा, नाहीतर धोंड्याचं लावा! पण गाडी थांबवा!"

दोघं हातात हात घालून साहेबाकडं गेले. साहेब खुर्चीतून पडायचाच बाकी! माळावर पाटी लागली — 'काशीमाळ'. गाडी थांबली! तेव्हापासून एखादी भोळी म्हातारी उतरते, विचारते, "गंगा कुठाय, बाबा?" कुसळवाडीचे लोक ओढा दाखवतात — "बुडवा पाय, जाईल तेवढं पाप जाईल!"

झालं हसून? आता तुमच्याकडं वळतो. लग्नपत्रिकेत नाव खाली छापलं म्हणून सख्ख्या भावाच्या मांडवात न गेलेले इथं किती आहेत? हात वर करू नका, तोंडं दिसतायत! तो भाऊही इथंच बसलाय, त्या टोकाला. देवाचं नाव मागाहून घ्या. देव कुठं पळून जातोय? आधी त्या भावाला नाव घेऊन हाक मारा. मारा मोठ्यानं!

हं! आता वाजवा टाळ!